फ्रीझरमधला आलेलुया

आमच्या घरात वर्षातले चाळीस दिवस एक शब्द उच्चारायचा नाही, असा नियम आहे. शब्द म्हणजे ‘आलेलुया’, देवाच्या स्तुतीचा. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात चर्चमध्ये तो गात नाहीत हे सगळ्यांनाच ठाऊक. आम्ही तो घरातही बोलत नाही. चक्क पुरून टाकतो. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारच्या आदल्या संध्याकाळी साखरेत घोळवलेले डोनट खाऊन झाले की मुलं एका मोठ्या कागदावर तो शब्द रंगवतात, आम्ही सगळे तीनदा घसा फोडून तो गातो, कागदाची सुरळी कॉफीच्या रिकाम्या डब्यात घालतो आणि डबा पुरतो.

माझ्या माहेरी, आयोवात, वडील परसात खड्डा खणायचे. इथे मिनेसोटात त्या दिवसांत गोठलेली जमीन कुदळीला दाद देत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी माझ्या नवऱ्याने, लिएंडरने, अर्धा तास कुदळ मारली, तिचा दांडा मोडला, आणि मग डबा तळघरातल्या डीप फ्रीझरमध्ये हरणाच्या मांसाच्या पुड्यांखाली नेऊन ठेवला. तेव्हापासून आमचा आलेलुया तिथेच पुरला जातो. हसणारे हसतात. मला मात्र त्या डब्याचा भारी अभिमान आहे.

नियम पाळून घ्यायचं काम आमच्या बेनोकडे. वय वर्षं सात, यंदा प्रथम ख्रिस्तप्रसाद घेणार, त्यामुळे धर्माची सगळी जबाबदारी आपल्या खांद्यावर आहे अशी त्याची समजूत. शब्द चुकून कोणाच्या तोंडून गेला तर तीन दिवस भांडी घासायची, ही शिक्षाही त्याचीच. उपवासकाळाच्या पहिल्याच आठवड्यात, उणे वीसच्या गारठ्यात लिएंडरचा दुधाचा टँकर चौथ्या प्रयत्नाला सुरू झाला आणि तो आनंदाने ओरडला, “आलेलुया!”

“डॅडी!” दारातून बेनो. “तीन दिवस.”

“अरे, इंजिनाला म्हणालो मी!”

“देवाला म्हणायचा शब्द इंजिनाला म्हणालात? मग चार दिवस.”

लिएंडरने चार दिवस भांडी घासली. माणूस मुळात कमी बोलणारा, त्या चार दिवसांत आणखीच कमी बोलला.

आणि आमची ओडिलिया मुळीच बोलत नव्हती. तिला तीन वर्षं पूर्ण व्हायला दोन महिने उरले होते, आणि तिच्या तोंडून अजून एकही शब्द आला नव्हता. ‘मम्मा’सुद्धा नाही. कान तपासले, उत्तम होते. दर गुरुवारी बोलायला शिकवणाऱ्या एक बाई यायच्या, जमिनीवर मांडी घालून तिच्याशी खेळायच्या, आरशात ओठ दाखवायच्या. ओडी त्यांच्या ओठांकडे मन लावून बघायची आणि नंतर त्यांचा चष्मा काढून घ्यायची.

समोरच्या घरात राहणाऱ्या माझ्या सासूबाई म्हणायच्या, “बोलेल गं, रेजिना. लिएंडर चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता.”

“आणि नंतर?”

“नंतर तरी कुठे बोलतोय?”

मी हसायचे. पण रोज संध्याकाळी जपमाळ हातात घेतली की माझी पहिली विनवणी तीच असायची. शहाणी नको, हुशार नको, एक शब्द दे. कोणताही चालेल.

ओडी एकाच वेळी जागची हलत नसे, ती म्हणजे रविवारच्या प्रवचनाला. एरवी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सुरू झाली की ती बाकाखाली, बाकावर, आजीच्या पर्समध्ये. पण फादर ओबिओरा बोलायला उभे राहिले की ती बाकावर उभी राहायची, पुढच्या बाकाची पाठ धरून, तोंड उघडं टाकून. कारण फादर प्रवचन गातात. नायजेरियाहून ते आमच्या गावात आले तेव्हा पहिल्याच रविवारी, दोन वाक्यं बोलून झाल्यावर, त्यांनी डोळे मिटले आणि तिसरं वाक्य गायलं. सगळं चर्च ताठ झालं. आमची गव्हाळ केसांची, थंड रक्ताची जर्मन वंशाची माणसं. दीडशे वर्षांत कोणी प्रवचनात गायलं नव्हतं. फादर एक ओळ गात आणि थांबत, आणि त्या थांबलेल्या जागेत आम्ही ‘आलेलुया’ म्हणायचं असे. पहिल्या महिन्यात फक्त मी आणि सासूबाई म्हणायचो. वर्षभरात अख्खं चर्च म्हणायला लागलं. मागच्या बाकावर बसणारे, फुटबॉलचा सामना चुकतो म्हणून घड्याळ दाखवणारे शेतकरीसुद्धा. शेजारच्या गावातून माणसं ऐकायला येतात. मला विचाराल तर देवाचं वचन गाऊन सांगितलं की ते कानातून न जाता थेट छातीतून आत शिरतं.

उपवासकाळात मात्र त्या जागेत ‘प्रभू, दया कर’ म्हणायचं. फादरनी हे आमच्याकडून उपवासकाळाच्या पहिल्याच रविवारी घोटून घेतलं होतं.

तिसऱ्या रविवारी विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट होती. फादर रंगात आले होते. ती भर उन्हात एकटी पाण्याला आली, तिच्याशी कोणी बोलत नव्हतं, आणि प्रभू आपणहून तिच्याशी बोलला. मग त्यांनी डोळे मिटले आणि गायलं,

“घागर तिथेच टाकून धावली, सांगत सुटली गावाला...”

आणि थांबले. आम्ही श्वास घेतला. त्या श्वासाच्या फटीत, आमच्या कोणाच्याही आधी, एक खणखणीत, गोल, घासूनपुसून ठेवल्यासारखा आवाज आला.

“आलेलुया!”

ओडी. बाकावर उभी, दोन्ही हात वर.

पुढच्याच क्षणी बेनोने झडप घातली आणि तिचं तोंड दाबलं. “गप्प! उपवासकाळ आहे! म्हणायचं नाही!”

हे सगळं घडायला जांभईइतकासुद्धा वेळ लागला नसेल. लोक हसले. फादरही हसले. मी मात्र लिएंडरकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं. ती बोलली होती. आमची मुलगी बोलली होती, आणि आम्ही तिला गप्प केलं होतं.

मी तिला उचलून घेतलं. “ओडी, म्हण पुन्हा. म्हण, सोन्या. चालेल.” ओडी माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तिने आपला छोटा तळवा आपल्याच तोंडावर ठेवला.

तो तळवा पुढे तिथेच राहिला. आधी ती निदान आवाज तरी काढायची. गुणगुणायची, मांजरीशी कुजबुजायची. आता घशातून काही वर आलं की लगेच हात तोंडावर. गुरुवारच्या बाईंनी दोनदा मऊपणे तिचा हात खाली घेतला. दोनदा तो परत गेला. “थोडा वेळ द्या,” त्या म्हणाल्या, पण वहीत लिहिताना त्यांच्या कपाळावर आठी होती.

मी बेनोला रागावले नाही. कशासाठी रागावणार? जे शिकवलं तेच त्याने केलं होतं. पण तो हुशार पोरगा. त्याला सगळं कळत होतं. रोज शाळेतून आला की दप्तर टाकायच्या आधी विचारायचा, “बोलली?”

“नाही रे राजा.”

मग तो सिंकपाशी स्टूल ओढायचा आणि भांडी घासायला लागायचा.

“बेनो, तुझी पाळी नाही.”

“आहे,” तो म्हणायचा.

चौथ्या रविवारच्या आदल्या शनिवारी त्याच्या वर्गाचं पहिलं पापनिवेदन होतं. मुलं एकेक करून आत जात होती आणि दोन मिनिटांत बाहेर येत होती. बेनो आत गेला तो येईचना. बाहेर आयांची चुळबुळ सुरू झाली. “एवढं काय केलंय गं तुझ्या पोराने?” सासूबाईंच्या मैत्रिणीने विचारलंच. शेवटी तो बाहेर आला, डोळे लाल, पण मान ताठ. गाडीत बसल्यावर म्हणाला, “फादरना सांगितलं, मी ओडीचा शब्द बंद केला.”

“बेनो, आतलं बाहेर सांगायचं नसतं.”

“ते फादरनी. मी सांगू शकतो. वर्गात शिकवलंय.” त्याने नाक पुसलं. “फादर म्हणाले, हे पाप नाही. मी म्हणालो, पण मला तसं वाटतंय. मग ते म्हणाले, वाटतंय तर मग प्रायश्चित्त घे. एक प्रार्थना म्हण, आणि बहिणीला रोज एक चालणारा शब्द शिकव.”

“चालणारा म्हणजे?”

“उपवासकाळात चालणारा.”

मी गाडी सुरू केली, पण पुढचा रस्ता मला धूसरच दिसत होता. माझ्या सात वर्षांच्या पोराने देवासमोर उभं राहून, कोणी न सांगता, स्वतःची चूक नावानिशी सांगितली होती.

प्रायश्चित्त त्याने इमानाने केलं. रोज संध्याकाळी ओडीसमोर बसायचा. “दूध. दूध चालतं, ओडी.” दुसऱ्या दिवशी “बूट.” मग “मांजर”, “टँकर”. ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी त्या दिवसाचा जयघोष, “होसान्ना”. “होसान्ना चालतं! फादरना विचारलंय मी!” ओडी सगळं ऐकायची. तळवा तोंडावर, डोळे त्याच्या ओठांवर. एकही शब्द बाहेर आला नाही. बेनो दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचा.

ईस्टरच्या सकाळी आम्ही चौघं आणि सासूबाई तळघरात उतरलो. लिएंडरने पुड्या बाजूला करून डबा काढला. झाकण चिकटलं होतं, ते त्याने कोपराने ठोकून उघडलं. कागद थंडीने कडक झाला होता. बेनोने तो उलगडला: आठ इंग्रजी अक्षरं, आठ रंग, आणि कोपऱ्यात ओडीच्या पंजाचा निळा ठसा. दरवर्षी इथे आम्ही ओरडतो. या वर्षी सगळे बेनोकडे बघत राहिले.

त्याने तोंड उघडलं, “आले...”

ओडीने झेप घेतली आणि त्याचं तोंड दाबलं. डोळे मोठे करून तिने मान हलवली. नाही. म्हणायचं नाही.

“घ्या,” सासूबाई म्हणाल्या, “आता दोन कोतवाल झाले.” कोणी हसलं नाही. त्या स्वतःही नाही.

नऊच्या मिस्सेला चर्च भरून वाहत होतं. लिलीच्या फुलांचा वास, मुलांचे नवे बूट. शुभवर्तमानाच्या वाचनाआधी सगळे उभे राहिले, ऑर्गन गर्जला आणि चाळीस दिवसांचा साठलेला आलेलुया चारशे गळ्यांतून एकदम फुटला. ओडी बाकावर उभी होती. तिच्या चेहऱ्यावर अशी धास्ती उमटली, जणू गावाला वेड लागलंय. ती मागे वळली, सगळ्या माणसांना सामोरी झाली, तोंडावरचा हात काढून बोट ओठांवर ठेवलं, आणि मोठ्याने म्हणाली,

“शूऽऽ! नाही!”

मागच्या बाकावरचा एक धिप्पाड शेतकरी खरंच गप्प झाला. मी लिएंडरचा हात इतका आवळला की त्याची अंगठी मला रुतली. नाही! काय सुंदर शब्द आहे तो. मी आयुष्यात इतका सुंदर ‘नाही’ ऐकला नव्हता.

फादर वेदीवरून सगळं बघत होते. प्रवचनाला उभे राहिले तेव्हा त्यांनी कागदच काढला नाही. पहाटे कबरीकडे गेलेल्या बायकांविषयी दोन वाक्यं बोलले, आणि डोळे न मिटता, आमच्या बाकाकडे बघत गायले,

“दगड कोणी सरकवला गं, कबर कशी मोकळी...”

आणि थांबले.

कोणी आलेलुया म्हटलं नाही. कोणी ठरवलं नव्हतं. पण तिसऱ्या रविवारी सगळे तिथे होते, सगळ्यांना माहीत होतं. चारशे माणसं श्वास रोखून बसलेली. फादर थांबले ते थांबलेच.

ओडीने हात पुन्हा तोंडावर नेला होता. बेनो बाकावर चढला, तिच्या शेजारी उभा राहिला. त्याने हात ओढून काढला नाही. तिच्या कानाशी वाकून म्हणाला, “चाळीस दिवस झाले, ओडी. आता चालतं.”

तळवा हळूच खाली आला. तिने त्याच्याकडे बघितलं.

“बेनो?” तिने विचारलं.

मम्माच्या आधी, डॅडीच्या आधी. मला त्याचा हेवा वाटला नाही. शपथेवर सांगते, कणभरही नाही. बेनोने मान डोलावली, न्यायाधीशासारखी, एकदाच.

“आलेलुया!” ओडी ओरडली.

मग जे झालं त्याला गाणं म्हणता येणार नाही. शेतकरी टाळ्या वाजवत होते. आमच्या चर्चमध्ये, टाळ्या! फादर डोळे पुसत होते आणि पुढची ओळ विसरले होते. आणि माझा नवरा, इंजिनाखेरीज कोणाशी मोठ्याने न बोलणारा, छत हादरेल अशा आवाजात गात होता.

दुपारी सासूबाईंकडे हॅम, बटाटे आणि कोकराच्या आकाराचा लोण्याचा गोळा. ओडीने हॅमला आलेलुया म्हटलं, बटाट्यांना म्हटलं, मांजरीला म्हटलं. लोण्याच्या कोकराचं डोकं कापलं तेव्हा तर उभी राहून म्हटलं. सासूबाईंनी कानांवर हात ठेवले.

“अगं बाई, आता हिला गप्प कोण करणार?”

बेनो सिंकपाशी स्टूल ओढत होता. मी म्हटलं, “आज राहू दे रे, संपलं तुझं प्रायश्चित्त.” त्याने स्टूल परत जागेवर ठेवलं, बहिणीच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसला आणि आजीला म्हणाला,

“मी नाही.”