पाणवठ्यालगतचा फास

तारेला केस चिकटले होते. आखूड, पिवळट, मुळाशी पांढरे... दिपमालाने एक केस नखाने ओढून पाहिला, तो निघेना. रक्तात रुतला होता. मोटारसायकलच्या क्लचची जुनी तार, टोकाला गाठ, गाठीतून ओवलेला फास. एवढी साधी वस्तू.

सकाळी ती पाणवठ्यातलं शेवाळ खरवडायला आली, तेव्हा चिंकारा मादी पळसाच्या बुंध्याशी कुशीवर पडली होती. मागचा पाय फासात, पोट गाभण, डोळे पांढरे झालेले. दिपमालाने अंगातलं खाकी जाकीट काढून तिच्या तोंडावर टाकलं, गुडघ्याने मान दाबून धरली आणि पक्कड शोधली — पक्कड चौकीत राहिली होती, अर्थातच, नेमकी आजच — मग नखांनी, शेवटी दातांनी गाठ सैल केली. सुटल्याबरोबर मादीने तिच्या मांडीवर लाथ मारली आणि तीन पायांवर टेकडी चढून गेली. मागे वळून पाहिलं नाही. कशाला पाहावं? मी तिची कोण?

पण साक्रीच्या या डोंगरपट्ट्यात वनरक्षक म्हणून आल्यापासून दिपमाला स्वतःला कोणीतरी समजत आली होती. होळीच्या आधी जाळरेषा काढायची, म्हणजे वणवा पलीकडेच थांबेल. घाणेरीची बेटं मुळासकट उपटायची, म्हणजे गवताला ऊन मिळेल. हा बशीसारखा सिमेंटचा पाणवठा भरत राहायचा. घाणेरी पुन्हा फुटायची, मोहाची फुलं वेचणारे झाडाखाली पाला पेटवायचे, आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. निदान पाणवठा तरी तिचा होता. पाणी भरलं की जनावरं येत होती. पहाटे चिखलात खूर उमटलेले दिसले की तिला आईला फोन करावासा वाटायचा... भूषणला नाही. तिचा नवरा भूषण भुसावळला रेल्वेत होता आणि खुरांबद्दल ऐकताना त्याचं "हं, हं" फार लवकर यायचं.

तार कोणाची, हे तिला शोधावं लागलं नाही. पाणवठ्यापासून बांधावरून उडी मारली की झुलाल आबांचं शेत. पाणवठ्याला पाणी आबांच्याच विहिरीतून यायचं. गेल्या उन्हाळ्यात तिने मागितलं आणि त्यांनी एका शब्दाने पाइप जोडून दिला होता. आणि तशीच तार त्यांच्या झोपडीच्या कुडाला गुंडाळी करून टांगलेली तिने कितीदा तरी पाहिली होती. पाहिली होती — आणि पाहिली नव्हती.

आबा भुईमुगाच्या वाफ्यात उकिडवे बसले होते. वाफा कसला... नांगर उलटा फिरवावा तशी माती, आणि मातीवर कोवळ्या शेंगांची टरफलं.

"ये माय, बठ," ते म्हणाले. तिच्या हातातली तार त्यांनी पाहिली आणि नजर चुकवली नाही.

"आबा, ही तुमची?"

"मनी शे. डुकरंसकरता लायेल व्हती."

"हरीण अडकलं होतं. गाभण."

आबांनी मुठीतली माती हळूच खाली सोडली. "जित्ती शे ना?"

"लंगडत गेली. जगेल की नाही, मला काय माहीत!" आवाज चढला तसा तिला स्वतःलाच परका वाटला.

"तू पानी मांगं, मी दिधं," आबा म्हणाले. रागाने नाही, हिशेब समजावतात तसंही नाही, थकून. "पानीना मांगे डुकरं घुसनात. बठ्ठा भुईमूग उकरी टाका. आते मी काय करू, तूच सांग."

"भरपाईचा अर्ज करायचा, आबा. मी भरून देते म्हणाले होते ना?"

"डुक्कर अर्ज वाचस का?"

तिला हसू आलं असतं, दुसऱ्या कुठल्याही दिवशी. झोपडीतून आबांची बायको, सुगंधाबाई चहा घेऊन आल्या, कप तिच्या हातात देताना आबांकडे बघत हलक्या आवाजात म्हणाल्या, "त्या रातभर निजतस नही, पोरी. डबा वाजाडत बसतस."

डबा... सावद्याला केळीच्या बागेत नाना, तिचे वडील, डुकरं हाकलायला रात्रभर डबा वाजवायचे. पत्र्याचा, तेलाचा. अंथरुणात पडल्या पडल्या ती तो आवाज ऐकायची. सकाळी आडवी झालेली केळी पाहून नाना बांधावर नुसते उभे राहायचे, आणि तिला वाटायचं, सगळी डुकरं मरून जावीत, एकूण एक, आजच्या आज. ती मुलगी कुठे गेली? की खाकी अंगावर चढल्यावर तिला कोणी विचारलंच नाही?

"मला केस करावी लागेल, आबा."

"करनी व्हई त कर. मी पळी जावाव नही." ते उठले, गुडघ्यावर हात टेकून. "पन मंग तो पाइप मी गुंडाळी लिसू. राग नही माय. पन लिसू."

चहा तिने प्यायला. न पिता उठायला हवं होतं, हे तिला वाट चढताना सुचलं.

दुपारी कड्यावर, जिथे मोबाइलला रेंज येते त्या खडकावर, साहेबांचा फोन आला. वन दिनाच्या कार्यक्रमासाठी पाणवठ्याचा फोटो हवा होता. "हरणासकट, मॅडम. नुसत्या पाण्याचा नको, नुसतं पाणी कोण बघणार?" तार खिशात टोचत होती. सांगायचं तर आत्ता. सांगितलं तर संध्याकाळपर्यंत गाडी येईल, आबा मान खाली घालून गाडीत बसतील... न सांगितलं तर उद्या दुसरा फास लागेल, आणि आज ज्या हातांनी ती गाठ सुटली ते हात मग कशाचे?

"बाकी सगळं ठीक ना?" साहेबांनी विचारलं.

"हो सर," ती म्हणाली. तोंडाने म्हटलं, ती अजून विचारच करत होती.

उरलेली दुपार तिने पळसाभोवतीच्या गवतात घालवली. दुसरा फास आहे का, हे हातांनी चाचपून पाहिलं, पानं उलटी केली, तळहात काट्यांनी सोलले. सापडला नाही. नाही याची खात्रीही वाटली नाही. वर घळीत पाणवठा बांधला असता तर? डुकरं शेतापर्यंत आली नसती. पण तिथे पाइप पोचत नव्हता, आणि इथे पोचत होता... जिथे पोचला तिथे आपण पाणी ठेवलं आणि जनावरांनी तिथेच यावं, असं धरून चाललो. पाणी ठेवणं म्हणजे बोलावणंच की. आणि बोलावल्यावर ती यायची, मुकाट, तहानेने — तेव्हा मला काय आनंद व्हायचा!

ऊन उतरलं. खाली आबांची मोटर सुरू झाली. रोजच्यासारखी, काही घडलंच नाही अशी. पाइपाच्या तोंडातून आधी हवा, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी आलं. आबा पाणी सोडत होते. अजून सोडत होते. यात धमकी नव्हती, विनवणीही नव्हती, आणि म्हणूनच तिला ते सहन होईना. पाणी बंद करायला तिने व्हॉल्व्हवर हात ठेवला. फिरवला नाही.

टेकडीवर मोर ओरडला. गवतात काहीतरी हललं, कदाचित वाराच. एरवी या वेळी ती दगडामागे श्वास रोखून बसायची, या, या रे, असं मनात म्हणत. आज ती उघड्यावर, सगळ्यांना दिसेल अशी उभी राहिली आणि मुद्दाम जोरात खोकली. मग टाळी वाजवली. पुन्हा वाजवली. सोललेले तळहात झणझणले. येऊ नका, तिला वाटत होतं, कोणीच येऊ नका — आणि त्याच क्षणी, तीन पायांवर कुठेतरी उभ्या असलेल्या त्या मादीची तहान तिला स्वतःच्या घशात कळत होती, कोरडी, हट्टी, आणि तिच्यावर उपाय तिला ठाऊक नव्हता.