अक्काची सकाळची गोळी

चैत्राचं ऊन अंगणातल्या फरशीवरून उसळून डोळ्यांत शिरे, कोंबड्यासुद्धा चोच उघडी टाकून रांजणाच्या ओल्या सावलीत निपचित बसत, आणि त्या धगीत माझी थोरली जाऊ, आमची अक्का, खांद्यावरून घोंगडी ओढून बसलेली असे. "हुडहुडी भरायलीय गं," म्हणायची. झरी गावातल्या आमच्या गल्लीत त्याचं केवढं हसू! जाणारी एखादी बाई थांबून विचारी, "काय अक्का, काश्मीरला निघालाव का?" अक्काही हसायची; पण ते हसू चेहऱ्यावर उमटायलाच इतका वेळ लागे, की विचारणारी तोवर पुढे निघून गेलेली असे.

मूळची अक्का अशी नव्हतीच. मी लग्न होऊन आले तेव्हा पहाटेच्या निळसर उजेडात तिच्या बांगड्यांच्या नादानं घर जागं होई. आवाज असा खणखणीत, की तिनं बांधावरून हाक दिली तर पलीकडच्या शिवारातली माणसं मान वर करत. माझी बी.ए.ची परीक्षा चालू होती तेव्हा माझी दोन्ही लेकरं तिच्याच कडेवर असायची. "तू लिही गं बाई, घराचं मी बघते," म्हणाली होती.

मग कुणाच्या ध्यानात येऊ नये अशा संथपणे ती मंदावत गेली. आवाज घोगरा झाला, कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागले, पापण्या सुजल्या, पाऊल उचलताना तिला जणू जमिनीची परवानगी काढावी लागे. बोलता बोलता शब्द हरवायचा आणि ती आमच्या तोंडाकडे बघत राहायची. सासूबाई म्हणायच्या, "लय सुख चढलंय अंगावर." आम्ही सगळ्यांनीच तिच्या दुखण्याला आळस म्हटलं आणि सुजेला तब्येत. शेवटी परभणीच्या डॉक्टरांनी रक्त तपासून थायरॉइड सांगितला. गळ्यातल्या एवढ्याशा ग्रंथीचा तो रस कमी पडला, की सगळा देहच थंडावतो म्हणे. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घ्यायची. काही महिन्यांत आमची अक्का आम्हाला परत मिळाली.

पुन्हा रक्त तपासलं तेव्हा ती कागद घेऊन सरळ माझ्याकडे आली. "तू शिकलेली हाइस, बघ बरं काय लिवलंय." मी चष्मा सावरून ऐटीत वाचलं. "नॉर्मल हाय अक्का! बऱ्या झालात तुमी. आता कशाला रोज गोळी खाता?" केवढी खुलली ती! दुसऱ्याच दिवसापासून तिनं गोळी सोडली. कागदावरचा तो आकडा गोळीमुळेच जागेवर आला होता, हे माझ्या दीडशहाण्या डोक्यात शिरलंच नाही. ताप उतरला की गोळी थांबवतो, तसंच हेही असणार असं मी धरून चालले. जळो ती माझी बी.ए.!

मार्गशीर्षातल्या अमावास्येला, येळवसेला, आमचं अवघं घर शेतात जेवायला जातं. कोवळ्या शेंगा, पालेभाज्या नि बेसन घालून शिजवलेली भज्जी ढवळण्याचा मान दरवर्षी अक्काचा. त्या वर्षी ज्वारीच्या हिरव्या उजेडात, चुलीपुढे बसल्या बसल्याच तिचा डोळा लागला. पळी हातात तशीच, आणि भज्जी बुडाला लागली. पाहुणे हसले. मीही हसले. आता ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

पंधराच दिवसांत कडाक्याची थंडी पडली आणि एका सकाळी हलवून हलवूनही अक्का नीट जागी होईना. परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आधी तेच विचारलं, "गोळी कधीपासून बंद आहे? बंद करायला सांगितलं कुणी?"

खाटेभोवती सासूबाई होत्या, थोरले दीर होते, मी होते. सुजलेल्या पापण्या कष्टानं उचलून अक्कानं माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे.

"मीच केली, डॉक्टरसाब," ती थांबत थांबत म्हणाली. "कंटाळा आला व्हता. कुणी न्हाई सांगितलं."

"अशी कशी गं तू बेफिकीर!" सासूबाई कडाडल्या. अक्कानं डोळे मिटून घेतले. बोलायला मला तेव्हाही वेळ होता. मी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली.

आता वर्षं लोटली, तिचा चेहराही आठवणीच्या कडांवर पुसट होत चाललाय. घरात मात्र अजून कुणीतरी म्हणतं, "अक्कानं हट्टानं गोळी सोडली." मी खाली मान घालून गप्प बसते, आणि माझ्या त्या प्रत्येक गप्प बसण्यात, नसलेली अक्का मला पुन्हा एकदा वाचवून जाते.