देसांकानं सांगितलेला इलाज

तीस वर्षं तांब्याच्या खाणीत ड्रिल चालवून व्हितोमिरचे कान गेले होते. समोरच्याचे ओठ बघून तो बोलणं ओळखायचा. पण डॉक्टरीणबाईंनी मास्क लावलेला, म्हणून तो बायकोच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या, देसांकाच्या तोंडाकडे बघत बसला. दोघांना गाडीनं मीच इस्पितळात आणलं होतं.

बाईंनी नीट समजावलं. प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, पण अगदी मंद. नियमित तपासत राहिलं तर कदाचित काहीच करावं लागणार नाही. रेडिएशनही घेता येईल. ऑपरेशननं लघवीवरचा ताबा जाऊ शकतो, पुरुषपणही.

"घाई नाही. त्यांना विचारा."

"काय म्हणतात?" व्हितोमिर म्हणाला.

देसांका त्याच्याकडे वळली. एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "कापायचं. दुसरा इलाज नाही."

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. बावीस वर्षं हा माणूस दर शनिवारी दाढी करून कोसारा शिंपिणीकडे जायचा, आणि त्याच्या शर्टाला इस्त्री देसांका करायची. मी गप्प बसलो. त्यानं न वाचताच सही केली.

वर्ष उलटलं तरी लघवी थांबेना. एका लग्नाच्या जेवणात तो भरल्या टेबलावरून ओल्या पँटनं उठला, तेव्हा लोक हसले.

पुढच्या तपासणीला दुसरा डॉक्टर होता, बिनमास्कचा. फाईल चाळत म्हणाला, "तुम्हाला थांबायला सांगितलं होतं की! एवढी घाई का केलीत?"

गाडीत बसल्यावर व्हितोमिरनं विचारलं, "थांबता आलं असतं?"

"आलं असतं."

"मग?"

"मी बावीस वर्षं थांबले. काय मिळालं?"

"आणि मेव्हण्या, तू?"

मी गाडी सुरू केली.

घर आलं तसा तो आत न जाता सरळ कोसाराकडे गेला. तिनं दार उघडलं, नाकाला पदर लावावा तसा हात लावला आणि म्हणाली, "व्हितो, अरे, घरी पाहुणे आहेत." आत कुणीच नव्हतं.

तो तिच्या पायरीवर बसून राहिला. अंधारायच्या आत देसांका कोरडी पँट घेऊन गेली. भर गल्लीत, शेजारणी बघत असताना, तिनं त्याला उभं केलं आणि पट्टा सोडला.

"पाय उचल," ती म्हणाली.

त्यानं उचलला.