संघा बोरीकर, चौथा भाग

ग्रेमार्चचा चौथा भाग निघायला सात वर्षं लागली, आणि निघाला तेव्हा त्याची वाट बघणारा संघर्ष जाऊन सात महिने झाले होते. चार दिवसांचा ताप, बस्स. बावीस वर्षांचा गडी, आळेफाट्याच्या गॅरेजात ट्रकचं इंजिन एकट्यानं उघडणारा, आणि तापानं नेला.

आता ग्रेमार्च म्हणजे काय, हे सगळ्या बोरी बुद्रुकमध्ये दोघांनाच नीट ठाऊक होतं: संघर्षला आणि त्याच्या दहावीतल्या बहिणीला, कल्याणीला. कॉम्प्युटरवरचा खेळ तो. राज्यं, राक्षस, जादू, तलवारी, सगळं होतं त्यात. पण खरी गंमत निराळीच. पहिल्या भागात एक वीर बनवायचा आणि तोच पुढच्या भागात न्यायचा, जखमांसकट, केल्या बऱ्यावाईटासकट. पहिल्या भागात ज्या आंधळ्या बाईला तुम्ही अर्धी भाकर दिली, तिचा नातू तिसऱ्या भागात किल्ल्याचं दार उघडायचा. दिली नसेल तर बसा बाहेर! संघर्षनं आठवीत एक वीर बनवला, नाव ठेवलं संघा बोरीकर, आणि नऊ वर्षं तोच जपला. कल्याणी शेजारी उलट्या घमेल्यावर बसून नकाशा वाचायची.

"डावीकडं दादा, डावीकडं! तिकडं दलदल आहे!"

"तू गप गं. वीर मी हाय."

आणि पडायचा दलदलीत.

रविवारी नवनाथ आला. संघर्षचा गॅरेजातला जोडीदार. ओट्यावर लॅपटॉप ठेवत म्हणाला, "टाकलाय चौथा भाग. दोघांनी संगं खेळायचा ठरलं व्हतं. एकट्याला उघडवंना. आण गं तुझा पेनड्राइव्ह."

कल्याणीनं तो कंपासपेटीतून काढून दिला. संघा बोरीकर त्यात सुखरूप होता, याची तिला पक्की खात्री होती. संघर्षच्या पुण्यानुमोदनाला भन्तेजींची वंदना झाल्यावर तिनंच उठून माइक घेतला होता, जन्मात पहिल्यांदा, आणि म्हणाली होती, "माझ्या दादाचा कॉम्प्युटर आम्ही विहाराच्या अभ्यासिकेला दान देतोय." विहारभर टाळ्या! त्या दिवसापासून कल्याणीला कशाची म्हणून भीती वाटेनाशी झाली होती. वडील, पोपटराव, एवढंच म्हणाले होते, "दान द्यायचं तर स्वच्छ करून द्यावं. उष्टं देऊ नये." मग आईनं संघर्षचे कपडे धुऊन, इस्त्री करून गरजूंना दिले, आणि कल्याणीनं कॉम्प्युटर स्वच्छ केला. आधी फोटो पेनड्राइव्हवर घेतले, मग ग्रेमार्चचं अख्खं फोल्डर. अख्खी दुपार गेली त्यात. नंतर उरलेलं सगळं पुसून कचरापेटीसुद्धा रिकामी केली. लख्ख!

नवनाथ बराच वेळ पेनड्राइव्ह धुंडाळत राहिला.

"कल्ले, ह्यात नुसता खेळ हाय. खेळलेलं न्हाई."

"म्हणजे?"

"खेळलेलं निराळ्या जागी साठतं. डॉक्युमेंटच्या फोल्डरात. ते घेतलं व्हतंस का?"

तिनं घेतलं नव्हतं. तिनं ते पुसलं होतं.

आई अंगणात कांदे निवडत बसली होती. पोरीचा चेहरा बघून तशीच उठून आली. "काय गं? काय झालं?"

"आई, मी दादाला पुसून टाकलं."

नवनाथनं खालच्या आवाजात सगळं समजावलं. आईला खेळ कळला नाही, पुसणं मात्र बरोबर कळलं. ओट्यावर टेकत म्हणाली, "मी बी धुतलंच की. सगळे शर्ट. ऑइलचे डाग निघंनात तर दोनदा साबण लावून घासले. वासच राहिला न्हाई एकाला. एक तरी मळका ठेवायचा व्हता."

मग नवनाथ खाकरला.

"एक वाट हाय, मावशी. जुना वीर हरवला तर खेळ सात प्रश्न इचारतो, मागं काय काय केलंत म्हणून. तीच उत्तरं दिली तर तोच वीर येतो."

कल्याणीनं ओढणीनं डोळे पुसले आणि लॅपटॉप पुढ्यात ओढला. आंधळ्या बाईला काय दिलं? अर्धी भाकर. राणीची अंगठी? नदीत फेकली. दगाबाज नावाड्याला मारलं की सोडलं? सोडलं, वर शिव्या दिल्या. टकाटक सहा उत्तरं.

"आयला, पाठच हाय की हिला!" नवनाथ म्हणाला.

सातव्याला बोट थांबलं. तिसऱ्या भागाच्या शेवटी पूल जळतोय. पुलावर घंटा वाजवणारा म्हातारा आणि संघा बोरीकरचा घोडा. एकालाच पलीकडं नेता येईल. कुणाला नेलंत?

ते संघर्ष तिच्याशिवाय खेळला होता. मे महिन्यात ती मामाकडं घोडेगावला होती. परत येऊन तिनं सतरांदा विचारलं, तर हसत म्हणाला होता, "सांगणार न्हाई. चौथ्या भागात कळंल की."

"तुला सांगितलं होतं का रे त्यानं, नवनाथदादा?"

नवनाथनं मान हलवली. "लई चावट व्हता."

"घोडा," आई म्हणाली.

"आई! माणूस सोडून घोडा?"

"आगं, शेळी इकली तर दोन दिस जेवला नव्हता त्यो."

"आणि पुरात चिमाजीबाबांना पाठीवर कुणी आणलं? म्हातारंच नेलं असणार त्यानं."

"मला नको शिकवू. मी आई हाय त्याची."

"आणि मी नऊ वर्षं शेजारी बसले!"

सात महिन्यांत त्या घरात एवढा आवाज चढला नव्हता. नवनाथ लॅपटॉपची वायर नीट करत बसला. पडद्यावर दोनच चौकोन होते. 'ठाऊक नाही' असा तिसरा चौकोनच नव्हता.

शेवटी आई म्हणाली, "दाब तुला काय दाबायचं ते. त्याला थोडंच इचारता येतंय?"

कल्याणीनं म्हातारा दाबला.

धुकं उठलं. धुक्यातून संघा बोरीकर आला. डाव्या गालावर तोच वण, खांद्यावर तेच करडं कांबळं. हुबेहूब तोच, आणि तरी हा दादाचा की आपण बनवलेला, हे कल्याणीला कधीच कळणार नव्हतं. त्याच्या बाजूनं बाकीचे वीर घोडे दौडवत निघून गेले. लांब डोंगरांपर्यंत रस्ता पसरला होता.

आई पडद्याजवळ वाकली. बोटांना कांद्याची सालपटं चिकटलेली.

"चालतच जाणार व्हय एवढ्या लांब?"

कल्याणीनं बटणावर बोट ठेवलं, पण त्याला पुढं चालवणं काही तिच्यानं होईना. खेळातली माणसं नुसती उभी असली तरी त्यांचे खांदे हळूहळू वर-खाली होतात. संघा बोरीकर रस्त्यात उभा राहिला, आणि आई त्याचा श्वास बघत बसली.