तीन शिट्ट्या आणि नलूची बंद पडलेली बस

मी कुकर. बोलतोय म्हणा, नाहीतर बोंबलतोय म्हणा. हळू आवाजात सांगणं मला जमत नाही. त्यातून आज मी इतका खुशीत आहे की झाकण जागेवर राहतं की नाही याचीच शंका. तेव्हा हातातलं काम जरा बाजूला ठेवा आणि माझी हकीकत ऐका.

मी पाच लिटरचा, ॲल्युमिनियमचा. कारखान्यातलं फारसं आठवत नाही. मी एक गोल पत्रा होतो, वरून धाडकन काहीतरी आदळलं आणि मला पोट आलं, एवढंच. पुढं बाभुळगावच्या एका भांड्यांच्या दुकानात फळीवर बसून होतो. तिथून नलूच्या मामांनी मला तिच्या लग्नासाठी उचललं. दुकानदारानं माझ्या पोटावर सुई फिरवून नाव कोरलं, 'नलू हिस मामाकडून सप्रेम भेट'. काय गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू! बाकीच्या आंदणात मी मग जरा तोऱ्यातच होतो.

नलूबरोबर मी कळंबला आलो. घरात तिचा नवरा इंद्रजित आणि सासूबाई विमलताई. वावर कपाशीचं आणि सोयाबीनचं, धुऱ्याकडेनं, म्हणजे बांधाला, तूर. ती तूर वर्षभर माझ्याच पोटात शिजते, त्यामुळे या घराला मीच जेवू घालतो असं माझं प्रामाणिक मत आहे.

माणसांची एक गंमत सांगतो. मी शिट्टी मारली की सगळं घर ओरडतं, "किती झाल्या?" मोजलेल्या कुणीच नसतात. इंद्रजित म्हणतो दोन, विमलताई म्हणतात चार. मग भांडण होतं आणि शेवटी झाकण उघडून बघतात. इतकी वर्षं झाली, पण या घरात माझ्या शिट्ट्यांचा हिशेब कधी जुळला नाही.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या वर्षी नलूनं मोबाइलवर महिनाभराचा एक लेखनवर्ग लावला. यवतमाळचे एक निवृत्त सर होते. रोज सकाळी ते विषय पाठवायचे. 'हरवलेली किल्ली', 'माझी जुनी चप्पल', असं काहीबाही. नलू ओट्याशी उभी राहून विषय वाचायची आणि दुपारपर्यंत तिचं लिहून व्हायचं. सर 'छान' म्हणायचे, लोक टाळ्या पाठवायचे. नलूच्या चेहऱ्यावर असा उजेड मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिला.

वर्ग संपत आला तेव्हा तिनं एक मोठी गोष्ट सुरू केली. झरी जामणीकडे जाणारी एसटी जंगलात, एका नाल्याजवळ बंद पडते. ड्रायव्हर मदत आणायला चालत जातो आणि परत येत नाही. बसमध्ये उरते वैष्णवी नावाची कंडक्टर, शिवाय मुंडावळ्या पिशवीत ठेवलेला एक नवरदेव, दोन शेळ्या आणि सगळ्यांना सल्ले देणारा एक म्हातारा. नलू फोडणी देता देता हे सगळं पुटपुटायची. मी तर वेडाच झालो! पुढं काय, पुढं काय, असं मला होऊन गेलं.

आणि नेमका वर्ग संपला. सरांनी दोन हात जोडलेलं चित्र पाठवलं आणि लिहिलं, आता तुमचं तुम्ही लिहा.

इथंच घोडं अडलं. रोज सकाळी नलू सवयीनं मोबाइल उघडायची. विषय नसायचा. त्या गटावर आता फक्त फुलांची चित्रं आणि शुभ सकाळ यायचं. एकदा तिनं धीर करून सरांना विचारलं, "सर, बसचं पुढं काय करू?" निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. तिनं कागद घडी घालून ठेवून दिले. बस तिथंच उभी, नवरदेव तिथंच बसलेला. मला रात्रंदिवस त्या शेळ्यांची काळजी लागून राहिली.

मग एका सकाळी काय झालं, नलूनं तूर चढवली आणि ती नुसतीच माझ्याकडे बघत उभी राहिली. आता हिला रडू येतं की काय, असं मला वाटलं. पण तिनं कागद काढले, पाटावर बसली आणि मला म्हणाली, "तीन शिट्ट्या होईस्तोवर लिव्हतो. सुचो का नको सुचो."

मला! मला म्हणाली! अहो, मला तर वाफ धरण्याआधीच शिट्टी मारावीशी वाटली.

त्या दिवसापासून आमचा तोच नेम झाला. मी तापायला लागलो की तिचं पेन चालायला लागायचं. तिसरी शिट्टी झाली की अर्ध्या शब्दावर थांबायचं. सर गेले, आता मीच हिचा गुरुजी, असं मी शेजारच्या गंजाला, त्या दुधाच्या पातेल्याला, ऐकवलंसुद्धा. खरं सांगायचं तर बस काही हलत नव्हती. नलू रोज एक नवीन प्रवासी रंगवायची, बस चालू कशी करायची ते तिला कळत नव्हतं. पण लिहिणं चालू होतं.

विमलताईंना हे चमत्कारिक वाटायचं. एक दिवस त्यांनी विचारलंच. "काहून वं नलू, कोनं सांगतलं तुले हे लिव्हाले?"

"कोनी नाही सांगतलं, आई."

"मंग सोडून दे ना."

"नाही सोडता येत. लोकं बसून राह्यले ना तिथं."

"कुठं?"

"झरीच्या जंगलात."

विमलताईंनी तिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

आणि मग तो दिवस उजाडला. नलूनं तूर थोडी जास्तच घातली होती. डाळीचं एक साल वर आलं आणि माझ्या शिट्टीच्या भोकात जाऊन बसलं. झालं! आत वाफ कोंडली आणि मला शिट्टी मारता येईना. मी थरथरतोय, हँडल खडखडवतोय, आणि बाई लिहितेय आपली. शिट्टी झाली नाही म्हणजे अजून वेळ आहे, असा तिचा सरळ हिशेब. मध्ये एकदा मान वर करून मोठ्या लाडानं म्हणाली, "आज लय टाइम देऊन राह्यला रे!"

अगं, टाइम कसला देतोय, मी फुटतोय!

शेवटी सेफ्टी वॉल उडाला. केवढा आवाज झाला! वरण थेट छपराच्या टिनांवर गेलं आणि तिथून सगळ्या स्वयंपाकघरात टपटप गळायला लागलं. देवाची कृपा, नलू दाराशी बसली होती, तिला काही झालं नाही. यात माझी चूक काडीचीही नाही हं. वॉल असतोच उडण्यासाठी, आणि माझा वेळेवर उडाला.

इंद्रजित वावरातून आला, खराट्याला फडकं गुंडाळून टिनं पुसायला लागला आणि म्हणाला, "जाऊ दे, मानूस वाचलं ना." पण विमलताई भ्यायल्या होत्या, आणि भ्यालेलं माणूस फार मोठ्यानं बोलतं. "एखाद्या दिवशी घर उडवशीन तू! ठेव ते कागद वरतं."

नलूनं कागद पुसले, फडताळावर ठेवले आणि हळूच म्हणाली, "नाही लिव्हत आता." त्या आवाजानं मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी पिशवीतून कय्युमभाईंच्या दुकानात पोहोचलो. कुकर आणि शेगड्या दुरुस्त करणारा माणूस, चिंतामणीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर छोटंसं दुकान. माझ्या मापाचा वॉल त्यांच्याकडे नव्हता, तो यवतमाळहून मागवावा लागणार होता. मी फळीवर बसून राहिलो. काळजी एकच. मी नाही, तर नलूला लिहायला बसवणार कोण? सर गेले, मी गेलो. आता ती बस जंगलातच गंजणार, अशी माझी खात्री झाली.

बऱ्याच दिवसांनी नलू मला न्यायला आली.

"आज होऊन जाईन ताई, वॉल आला," कय्युमभाई म्हणाले. "बसा थोडा वेळ. लावतो अन् टेस्ट करून देतो."

नलू बाकड्यावर बसली. पिशवीत हात घातला. मला वाटलं, मोबाइल काढेल. तिनं कागद काढले! आणि किती! मी घरून निघालो तेव्हा होते त्याच्या दुप्पट. म्हणजे 'नाही लिव्हत' म्हणालेली ही बाई माझ्याशिवाय लिहीत होती. शिट्टी नाही, सर नाही, विषय नाही, आणि हिचं आपलं चालूच! मला धक्का बसला. थोडा रागही आला, खोटं कशाला बोलू.

कय्युमभाईंनी वॉल बसवला, आत पाणी घालून मला शेगडीवर चढवलं. मी ठरवलं, आता दाखवतोच. जीव एकवटून पहिली शिट्टी मारली. नलू लिहितेय. दुसरी मारली. पलीकडच्या टपरीवरची माणसं वळून बघायला लागली.

"ऐका ताई, कशी कडक वाजून राह्यली!"

नलूनं ऐकलं नाही. मग मी तिसरी मारली, आयुष्यातली सगळ्यात लांब. या शिट्टीला तिचा हात थांबायचा, अर्ध्या शब्दावर थांबायचा. मी तिच्या बोटांकडे बघत होतो. पेन थांबलं नाही. तिचे ओठ पुटपुटत होते. वैष्णवीनं ड्रायव्हरची वाट बघणं सोडलं होतं. माहेरी ट्रॅक्टर चालवलेला होता तिनं. नवरदेवासकट सगळ्यांना तिनं खाली उतरवून धक्का मारायला लावला होता आणि स्वतः चढून स्टिअरिंगवर बसली होती. म्हातारा अजून सल्ले देत होता आणि त्याचं कुणी ऐकत नव्हतं. मी शिट्टीच विसरलो!

"निघाली!" नलू एकदम ओरडली.

"कोन?" कय्युमभाई दचकले.

"बस!"

कय्युमभाईंनी रस्त्याकडे वाकून पाहिलं. "कोनती? यवतमाळची तर अजून याची आहे."

नलू हसत सुटली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा राग कुठल्या कुठं गेला. मी गुरुजी नव्हतो, हे मला तिथं शेगडीवर बसल्या बसल्या कळलं, आणि तरीही इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

गोष्ट पुरी झाली. आता दुसरी सुरू आहे, ती कशाची आहे ते मलाही कळू देत नाही. माझं पोट आता जरा फुगलंय, एक हँडल बदललंय, पोटावरचं नाव पुसट झालंय. आज सकाळी तूर चढली, मी तीन शिट्ट्या मारल्या, चौथीही मारली. नलू दाराशी लिहीत बसलेली, मान खाली. तेवढ्यात विमलताई उठल्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी गॅस बंद केला, तिच्याकडे पाहिलं आणि पाय न वाजवता बाहेर गेल्या. अंगणातून इंद्रजितनं हाक मारली तर त्याला म्हणाल्या, "हळू बोल. लिव्हून राह्यली ते."

वाचकहो, तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद असेल. तो चढवा आणि बसा लिहायला. विषय कुणी पाठवणार नाही, पाठवला तरी महिनाभर. आणि शिट्टी ऐकू आली नाही, तर वरण करपू द्या.