कागद घेतलाच नाही तर

शिंपिणीचं दुकान गेलं. कोर्टाने हुकूम केला, शिक्का मारला, विषय संपला.

आता असं काही झालंच नाही असं समजून पुढे चला. शिंपीणही तसंच समजून चालली होती, आणि त्याचं श्रेय तिच्या मामाला. मामा म्हणजे घरातला कायदेपंडित. बावीस वर्षांपूर्वी एका सायकलचोरीत त्याला साक्षीला बोलावलं होतं आणि साक्ष न घेताच परत पाठवलं होतं. तेवढ्या शिदोरीवर तो अख्ख्या खानदानाला सल्ले वाटत होता. त्याचा मुख्य सिद्धांत असा, की कागद हातात घेतला नाही तर केस सुरूच होत नाही. "कोर्टाचं काय गं, पत्र परत गेलं की रुसून बसतं."

केस केली होती तिच्या सख्ख्या भावाने. दादा घड्याळं दुरुस्त करायचा. वडिलांनी दोघांना मिळून एकच दुकान ठेवलं होतं: एक दार, मधे प्लायवुडचं पार्टिशन, डावीकडे तिचं शिलाई मशीन, उजवीकडे त्याची घड्याळं. पार्टिशन छताच्या हातभर खाली संपत होतं, त्यामुळे भांडायला कुणाला जागचं उठावं लागत नसे. दादाचं म्हणणं, दुकान त्याच्या एकट्याचं, बहीण तिथे त्याच्या मेहेरबानीवर बसते. शिंपिणीचं पोट त्या मशीनवर आणि मशीन त्या जागेवर. जागा गेली की हातात कात्री आणि डोक्यावर आभाळ.

कोर्टाचे कागद पोचवणारा बेलीफ दोनदा तिच्या घरी येऊन गेला. दोन्ही वेळा तिने बंद दाराआडून सांगितलं, "ती घरी नाही."

"मग तुम्ही कोण?"

"मीही तिचीच वाट बघतेय."

पुढे कित्येक महिने शांतता. मामाने मिशीला पीळ दिला आणि फी म्हणून नवा शर्ट शिवून घेतला. मग एका सोमवारी पार्टिशनवरून आवाज आला.

"ए, मशीन हलव. उद्या तिथे माझं शोकेस येतंय."

"तुझ्या शोकेसला लागो आग. कसलं शोकेस?"

"निकाल लागला. जागा माझी. सत्तावीस दिवस झाले."

"मला न विचारता?"

"कोर्टाने बोलावलं होतं तुला. तू आली नाहीस."

"पण मी कागद घेतलाच नाही!"

"तेच तर," दादा म्हणाला आणि हसला. दादा फार क्वचित हसायचा, एखाद्याचं घड्याळ कायमचं गेलंय हे सांगताना वगैरे.

शिंपिणीने कात्री पिशवीत टाकली आणि तडक कोर्ट गाठलं. तिथे जिन्याखाली 'मोफत कायदा सल्ला' अशी पाटी होती. पाटीखाली एक तरुण वकीलबाई नाक पुसत बसली होती. डोक्यावरून पायऱ्या चढणाऱ्यांची धूळ थेट तिच्या चहात पडत होती.

"फुकट म्हणजे किती फुकट?" शिंपिणीने विचारलं.

"पूर्ण. तुमचा हक्क आहे तो, उपकार नाहीत. बसा. त्या खुर्चीवर नको, ती मोडलीय."

शिंपिणीने सगळं सांगितलं. मामाचा सिद्धांत ऐकून वकीलबाईने डोळे मिटले. "ताई, कागद घेतला नाही म्हणून केस थांबत नाही. तुमच्याशिवाय चालते. नवरी आली नाही तर लग्न थांबतं, कोर्ट नाही थांबत. तिथे तुमच्या पाठीमागे लग्न लागतं आणि नवराही तेच निवडतात."

"म्हणजे गेलं?"

"नाही. निकाल एकतर्फी झालाय. तीस दिवसांच्या आत अर्ज करायचा, का आला नाहीत ते खरंखरं सांगायचं. कोर्टाला पटलं तर निकाल बाजूला ठेवून तुमचं म्हणणं ऐकतात. तुमचा भाऊ आणखी चार दिवस गप्प बसला असता तर आपली पंचाईत होती."

"त्याला सुख पचत नाही. लहानपणापासून. आणि उद्याचं शोकेस?"

"निकाल खिशात असला तरी तुमच्या मशीनला त्याने हात लावायचा नाही. ताबा द्यायला कोर्टाचा माणूस येतो, भाऊ नाही. लावलाच हात तर पोलिसांत जा. आधी फाइल बघू. ती बघायचाही हक्क आहे तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी फाइल आली. वकीलबाईने बेलीफचा अहवाल वाचला. "सदर बाई घरी नसल्याचे आतील बाईने सांगितले. ही आतील बाई कोण?"

"मीच."

वकीलबाईने बराच वेळ नाक पुसलं. "हेही अर्जात लिहायचं. लपवलं आणि पकडलं गेलं तर बाकीच्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही. पुढे ऐका. सबब समन्स दुकानाच्या दारावर एका साक्षीदारासमक्ष चिकटवले."

"दारावर? ते दार मी रोज उघडते. काही नव्हतं."

"साक्षीदार म्हणून ही सही आहे. ओळखता?"

शिंपीण खाली वाकली. सहीच्या शेवटी गोल, गोलात दोन काटे. जगात अशी सही एकच माणूस करायचा.

"हा तर दादा!"

वकीलबाईला लागोपाठ तीन शिंका आल्या. आनंदाच्या असाव्यात. "म्हणजे केस करणाऱ्याच्याच दारावर कागद लावला आणि साक्षीदारही तोच? बेलीफने शेजारच्या दुकानदाराला बोलावलं आणि शेजारचा दुकानदार कोण हे विचारलंच नाही! पण मग कागद गेला कुठे?"

तेव्हा शिंपिणीच्या डोक्यात उजेड पडला. दादा तिच्यावर आयुष्यात एकच माया करायचा. जुने कॅलेंडर, खोक्यांचे पुठ्ठे, नको ते कागद पार्टिशनवरून तिच्या बाजूला फेकायचा. ती त्यांवर माप आखून कटिंग करायची. रद्दी कोण वाचतं?

ती दुकानात परतली तेव्हा दादा टेप घेऊन तिची बाजू मोजत होता.

"आज हलवतेस का मी हलवू?"

"लाव बघू हात. ताबा द्यायला कोर्टाचा माणूस लागतो. तू कोर्टाचा माणूस आहेस? तू धड माणूस तरी आहेस का?"

"हे मामाने शिकवलं वाटतं?"

"मामाने शिकवलं असतं तर आत्तापर्यंत तुझं शोकेस लागलं असतं."

दादाच्या टेपचा फटकन गुंडाळा झाला. शिंपिणीने खिळ्यावरची कटिंगं उतरवली. मामाच्या शर्टाचं माप चौथं निघालं. बाहीवर कोर्टाचं नाव, खिशावर तारीख, आणि कॉलरवर ठळक अक्षरात 'हजर न राहिल्यास'. मामा तीन महिने ती कॉलर ताठ करून फिरत होता.

तिसाव्या दिवशी दुपारी वकीलबाईने ते तुकडे टाचण्यांनी जोडून अर्जाला लावले. दोनदा दाराआडून खोटं बोलल्याचं लिहिलं. साक्षीदाराच्या सहीचंही लिहिलं. निकाल बाजूला ठेवावा, तोवर ताब्याला स्थगिती द्यावी, असं मागितलं. खिडकी बंद व्हायला वीस मिनिटं होती.

"आणखी काही मागायचंय?"

शिंपिणीने मागितलं. वकीलबाईचं पेन हवेतच राहिलं. "ताई, हे कुठलंच कोर्ट देणार नाही."

"मागायचा हक्क आहे ना?"

"मागायचा आहे."

"मग लिहा. तुम्हीच म्हणालात, हक्क सोडू नये."

खिडकीतल्या कारकुनाने अर्ज घेतला, टाचणी बोटात घुसली म्हणून शिवी हासडली आणि शिक्का मारला. शेवटचं कलम असं होतं:

"६. वादी हा 'अर्जदाराचा सख्खा भाऊ' या जागेवर गेली एकेचाळीस वर्षे बसून असून सदर जागेचा त्याने एकदाही वापर केलेला नाही. तरी त्यास सदर जागेवरून तात्काळ बेदखल करण्यात यावे, व ती जागा रिकामी, झाडून-पुसून, अर्जदाराच्या पसंतीच्या अन्य इसमास देण्यात यावी, ही नम्र विनंती."