चढाईआधीचं जेवण

"पुरे, पुरे" म्हणत पाहुण्याने ताटावर दोन्ही हात आडवे धरले, तरी वाटाड्याच्या बायकोने बोटांच्या फटीतून वाढलंच. वाटाड्या मान खाली घालून जेवत होता. लाज त्याला वाटत होती. वाढणारी मात्र मजेत होती.

पाहुणा फरशांचा व्यापारी. शिखर चढायचं म्हणून कंपनीकडे भरपूर पैसे भरून आलेला. त्याला वर नेऊन सुखरूप आणायचं काम वाटाड्याचं, पण आधी घरी जेवायला आणायचं हा नियम बायकोचा. मागच्या मोसमात एक गिऱ्हाईक शिखराखाली वर जायचंच म्हणून हटून बसलं, 'पैसे मोजलेत' म्हणालं, आणि त्याच्यापायी वाटाड्या पायाची दोन बोटं गमावून आला. तेव्हापासून तिने मनाशी पक्कं केलं होतं. माणूस खाल्ल्या मिठाला जागतो. ज्याने आपल्या घरचं खाल्लं, आपली माणसं पाहिली, तो वर गेल्यावर हट्ट करणार नाही. म्हणून थोरली पाहुण्याकडून गणितं सोडवून घेत होती, धाकटी त्याच्या मांडीवर चढली होती, आणि सासूबाईंनी आपल्या गुडघ्यांची कहाणी अगदी पहिल्यापासून सुरू केली होती. बिचारा सुटणार कुठे?

"यांना जपून आणा हं," निघताना ती पाहुण्यालाच म्हणाली. वाटाड्याने कपाळावर हात मारला.

एक गोष्ट तिला ठाऊक नव्हती. हा माणूस शिखरावर पोचला, तर पुढच्या मोसमापासून तू मुख्य वाटाड्या, असा शब्द कंपनीच्या मालकाने वाटाड्याला दिला होता. म्हणजे दुसऱ्यांची ओझी वाहणं कायमचं सुटणार. आधी काम होऊ दे, मग सांगू, असं त्याने ठरवलं होतं.

शेवटच्या धारेवर वारा सुटला. शिखर समोरच होतं, पण खालून काळे ढग चढत होते. एरवी त्याने गिऱ्हाइकाला केव्हाच मागे फिरवलं असतं. आज त्याने ढगांकडे पाठ केली.

"थोडंच राहिलंय. चला."

फरशीवाल्याने बर्फात चक्क फतकल मारली.

"मी नाही येत."

"अहो, हातातोंडाशी आलाय घास."

"ढग मलाही दिसतायत. तुमच्या घरी जेवलोय मी. वहिनींना काय तोंड दाखवू?"

वाटाड्याला असा राग आला की दोराला हिसका द्यावासा वाटला. मग त्याची ती नसलेली बोटं ठणकली. त्याने दोर उतरणीकडे वळवला. तंबूत शिरले आणि वादळाने असं झोडपलं, की दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि वेड्यासारखे हसत सुटले.

खाली आल्यावर व्यापाऱ्याने मालकाला सांगून टाकलं, आपणच घाबरलो, यांचा काही दोष नाही. मालक म्हणाला, बघू पुढच्या मोसमात.

घरी बायकोचे पाय जमिनीवर नव्हते. मीठ कामाला आलं की नाही, हे तिने सासूबाईंना ऐकवलं, शेजारणीलाही ऐकवलं. ताट मांडता मांडता तिने नवऱ्याला विचारलं,

"म्हणजे तुम्ही फिरा म्हणालात, आणि त्यांनी ऐकलं?"

वाटाड्या बुटाची गाठ सोडत राहिला.

"ते म्हणाले. मी ऐकलं."

आणि मग मालकाने दिलेल्या शब्दाचंही त्याने सांगून टाकलं. ती ऐकत उभी राहिली, हातातला डाव तसाच धरून.

"म्हणजे मी भलत्यालाच जेवायला घातलं," ती म्हणाली. "बसा. आता तुम्ही जेवा."